साडभाऊंचा काळा कापूस

ज्या ज्या गोष्टीची काळजी करता येणं शक्य आहे, त्या प्रत्येक गोष्टीची काळजी आमच्या साडभाऊंनी एकदा तरी करून ठेवलेली आहे. आणि एखादी करायची राहिली असेल, तर ती राहून गेली म्हणून ते सध्या काळजीत असतील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान; नातं दोन्हीकडून सारखं, म्हणून तेही मला साडभाऊच म्हणतात. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. अंगानं किरकोळ, चालणं घाईचं आणि खिशाला कायम तीन पेनं. एक बंद पडलं तर दुसरं, आणि दुसरं बंद पडायच्या वेळी पहिलं कुणी मागून नेलेलं असलं तर तिसरं. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वह्या-पुस्तकांचं दुकान चालवतो. काळजी करण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं, आणि जे होतं ते माझ्या लग्नानंतर साडभाऊंनी आपल्याकडे घेतलं. माझ्या दुकानाच्या शटरला पावसाळ्याआधी तेल घातलं की नाही, हे ते अमरावतीहून फोन करून विचारतात. अमरावती-अकोला बसनं येताना स्वतःचं हेल्मेट हातात घेऊन येतात, कारण स्टँडवरून घरापर्यंत माझ्या मोटारसायकलवर मागे बसायचं असतं. आमच्या गल्लीत मोटारसायकल पहिल्या गिअरच्या वर जात नाही, हे त्यांना वीस वर्षं सांगून झालं आहे.

या माणसानं आयुष्यात कुठलीही गोष्ट ठाम सांगितलेली मी ऐकली नव्हती. "सात वाजता पोचतो, कमीजास्त वीस मिनिटं," हे त्यांचं साधं बोलणं. भाजी कशी झाली असं विचारलं, तर बरी आहे म्हणतील, आणि लगेच सांगतील की सकाळपासून घसा धरलेला आहे, तेव्हा भाजीबद्दलचं मत तेवढ्यापुरतंच घ्यावं. त्यांना मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून मला फोन आला. "वजन पावणेतीन किलो, कमीजास्त पन्नास ग्रॅम. काटा हालून राह्यला होता." मी विचारलं, बाकी सगळं ठीक? तर म्हणाले, "सध्या त ठीक दिसते." त्यांच्या लेखी प्रत्येक आकड्याला दोन्ही बाजूंनी थोडी मोकळी जागा लागते, नाहीतर आकडा खोटा. मी दुकानात एका वहीची पानं दोनशे सांगितली की ते गिऱ्हाइकासमोर मोजायला बसतात. एकदा एकशे अठ्ठ्याण्णव निघाली. त्यानंतर महिनाभर त्यांचा चेहरा समाधानी होता.

आता असल्या माणसानं आपल्या गावातल्या, निदान आपल्या जिल्ह्यातल्या गोष्टींची काळजी करावी की नाही? साडभाऊ काळजी करत होते समुद्राची. वऱ्हाडात राहून समुद्राची. त्यांचं घराणं परतवाड्याकडचं, भाजीपाल्याचं. वडील पहाटे कोथिंबीर, मेथी, वांगी घेऊन बाजारात बसायचे. पूर्णेला पाणी आलं की हे साडभाऊ पुलाच्या अलीकडेच बसमधून उतरून माघारी फिरणारे. पण कॉलेजात असताना कुठंतरी त्यांच्या वाचण्यात आलं की समुद्राचंही शेतासारखंच असतं, फक्त तिथं ऊन एकीकडे आणि खत दुसरीकडे. ऊन वर आणि खत खाली, तळाशी. वारा वरचं पाणी बाजूला सारतो तेव्हा खालचं गार, खताळ पाणी वर येतं, त्यावर शेवाळ पोसतं आणि शेवाळावर मासळी जगते. ते पाणी किती वेगानं वर येतं हे कळलं, तर खत किती मिळतं हे कळेल. पण पाण्याला विचारायचं कसं? साडभाऊंनी हे मला समजावलं ते कोथिंबिरीवरून. "माहा बाप जुडी हातात घेऊन सांगे, ही सकायची, ही कालची. किती सुकली त्यावरून. पान्याचंही तसंच हाय." तळाच्या चिखलात निसर्गतःच एक प्रकारचं रेडियम असतं. पाणी तिथून निघताना ते घेऊन निघतं आणि मग ते रेडियम आपोआप विझत जातं, साधारण पावणेचार दिवसांत निम्मं, पुढच्या पावणेचार दिवसांत त्याच्या निम्मं. वर आलेल्या पाण्यात किती उरलं ते मोजलं की जुडी केव्हाची तोडलेली ते कळलं.

मोजायचं यंत्र त्यांनी कॉलेजात स्वतः जुळवलं होतं. पाणी मात्र समुद्रावरूनच आणावं लागतं. त्यासाठी ते एकदा कोचीला गेले, आणि होडीत बसायच्या आधी, धक्क्यावर उभं असतानाच त्यांना उलटी झाली. तेव्हापासून तिकडचं काम त्यांची एक जुनी विद्यार्थिनी करते. सगळं पाणी इकडे आणायची गरज नसते. काळा थर दिलेला एक धागा असतो, पिंजलेल्या कापसासारखा. त्यातून शंभरेक लिटर समुद्राचं पाणी हळूहळू सोडलं की रेडियम धाग्याला चिकटून बसतं. मग तो ओला धागा पिशवीत, पिशव्या डब्यात आणि डबा दक्षिणेकडून आठवड्यातून एकदा येणाऱ्या गाडीत. ती गाडी अकोल्याला थांबते म्हणून साडभाऊंचा समुद्राशी संबंध माझ्या गावावरून जायचा. डब्यात दर वेळी सहा पिशव्या सहा जागांच्या असत, आणि सातवी कोरी. कोरी म्हणजे तोच धागा, पण समुद्राचं पाणी न दाखवलेला, नुसता कोचीला जाऊन परत आलेला. वाटेत धाग्याला भलतंसलतं काही लागलं तर ते त्या कोऱ्यात दिसावं म्हणून ही तरतूद. मी त्याला साडभाऊंचा फिरायला गेलेला कापूस म्हणायचो. ते हसायचे नाहीत.

यंत्र जुळवण्यात आणि डबे मागवून सराव करण्यात वर्षं गेली, आणि मग लागोपाठ तीन पावसाळे हे काम फसलं. पहिल्या वर्षी होडीच निघाली नाही. दुसऱ्या वर्षी ऐन मोजणीत कॉलेजातली वीज गेली ती दोन दिवसांनी आली. तिसऱ्या वर्षी डबा अकोल्याला उतरवायचा राहून पार शेवटच्या स्टेशनापर्यंत गेला आणि परत येईपर्यंत त्यातलं रेडियम विझून गेलं. चौथा पावसाळा त्यांच्या नोकरीतला शेवटचा होता. हिवाळ्यात ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे त्या यंत्राला हात लावणारं कॉलेजात कुणी नव्हतं. वीस वर्षं ज्या एका आकड्यासाठी धडपड केली तो आता आला तर आला, नाहीतर कधीच नाही. त्या उन्हाळ्यात ते माझ्या दुकानात येऊन पाण्यात न पुसल्या जाणाऱ्या शाईची पेनं घेऊन गेले. घेण्याआधी प्रत्येक पेनानं कागदावर रेघ ओढून तो कागद पाण्याच्या ग्लासात पंधरा मिनिटं बुडवून पाहिला. ती पेनं कोचीला पाठवली, पिशव्यांवर नावं लिहायला.

श्रावणातला शनिवार होता. त्याच दिवशी साडभाऊंच्या कॉलेजात तपासणी समिती आली आणि त्यांना यंत्राशेजारी उभं राहायचा हुकूम झाला. डबा उतरवायचं काम माझ्याकडे आलं. पहाटेपासून चार फोन. "साडभाऊ, डबा स्वतः उचलजा, हमालाले देऊ नका. उन्हात ठेवू नका. फ्रिजले लावून ठेवू नका. बोरच्या पान्याजवळ त ठेवूच नका. अन् उघडू नका." मी म्हटलं, आणखी काही? तर म्हणाले, "सध्या येवढंच, कमीजास्त." दुपारनंतर ते स्वतः येऊन घेऊन जाणार होते. मी गाडीवरून डबा आणला, घरी जिन्याखाली अंधारात ठेवला आणि दुकान उघडायला गेलो. घरात कुणाला काही सांगितलं नाही. चूक झाली ती इथं झाली आणि ती माझी होती.

एक वाजता जेवायला आलो. बैठकीत पंख्याखाली दोन खाटा ओढलेल्या, त्यांवर जुनी वर्तमानपत्रं आणि त्यांवर काळ्या धाग्याचे ढीग. शेजारी मामी बसल्या होत्या. मामी म्हणजे आमच्या दोघांच्याही सासूबाई. राहायच्या बाळापूरला, मुलाकडे. श्रावणात मात्र आमच्याकडे. जन्म सगळा कापूस वेचण्यात गेलेला. शेवटचा ढीग बोटांनी मोकळा करत त्या म्हणाल्या, "हा कोन्या जातीचा कापूस व्हय, जवाईबापू? काळा हाय, पन मऊ लागते. डब्यातून पानी गयून राह्यलं होतं. पाह्यलं त सारा माल ओला, अन् खारा. धुतला अन् टाकला वाळत. ओला कापूस बांधून ठेवला त कुजते, येवढं त लहान लेकरालेबी समजते."

मी ओरडलो. "मामी, हे काय करून ठेवलं? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" जावयानं सासूवर आवाज चढवायचा, ही गोष्ट आमच्याकडे होत नाही. मामींनी हात पदराला पुसले. स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "मी जातो बाळापूरले." आणि पिशवी उचलून निघाल्या. बायको त्यांच्यामागे स्टँडपर्यंत गेली आणि परत आली ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

साडभाऊंना फोन करण्याआधी मी तीनदा पाणी प्यायलो. "साडभाऊ, मामींनी तुमचा कापूस धुतला." मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "कोन्या पान्यानं?" हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आमच्या अंगणात नळाची टाकी आहे, बोरचं टाकं आहे आणि पत्र्याच्या पन्हाळीखाली मामींचा निळा ड्रम आहे. बोरचं पाणी जमिनीतलं, त्यात रेडियम असू शकतं. त्यानं धुतलं असेल तर समुद्राचं किती आणि जुन्या शहराचं किती, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. "मंग विचारा मामीले," ते म्हणाले. "मामी रागानं बाळापूरले गेल्या." "रागानं काहून?" "मी ओरडलो." मग लगेच पुढचा प्रश्न: "साती पिशव्या एकत्र त नाई केल्या?" मी वाकून पाहिलं. सात ढीग वेगळे होते आणि प्रत्येकाच्या खाली त्याची त्याची पिशवी दाबून ठेवली होती. तसं सांगितलं. "येतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. किती वाजता येतो, कमीजास्त किती, काही नाही.

समिती तिथंच सोडून ते साडेचारला माझ्या दारात होते, हातात हेल्मेट. मी बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. ते सरळ आत आले, खाटेशेजारी उकिडवे बसले, पिशव्यांवरची नावं वाचली आणि एकेक ढीग ज्याच्या त्याच्या पिशवीत भरला. एक धागा खाली पडला नाही. शाई पुसली गेली नव्हती. नमुना समुद्रातून काढल्याला दोन दिवस उलटून गेले होते. तिसरा हिस्सा रेडियम असंही वाटेतच संपलेलं. मी म्हटलं, "तुम्ही डबा घेऊन अमरावतीची बस धरा. मी एकटा बाळापूरला जाऊन मामींना विचारतो आणि फोनवर सांगतो. नाहीतरी ती कोरी पिशवी आहेच ना, तिच्यावरून कळेल." बोलणं शहाणपणाचं होतं. साडभाऊंनी डोळे मिटून मनात हिशेब केला. "बाळापूर जाऊन-येऊन तीन तास, कमीजास्त पाऊन तास. तेवढ्यात शंभरातले दोन-सव्वादोन जातीन," ते म्हणाले. हा माणूस या डब्यापायी आमच्याकडे कधी चहाला थांबला नव्हता. मग हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाले, "जाऊ द्या. ओरडले तुमी, पन माल माहा होता. मामी उपाशी गेल्या असतीन."

बाळापूरपर्यंत ते माझ्या मागे डबा मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की डबा वर उचलायचे. रस्ताभर मला माझ्या ओरडण्याची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त धाक वाटत होता तो मामींच्या उत्तराचा. त्या 'बोरच्या' म्हणाल्या तर साडभाऊंना घेऊन परत कसं यायचं, हे मला समजत नव्हतं. मामी ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होत्या. दोन्ही जावई एकदम दारात पाहून त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि आत चहाला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाया पडलो तेव्हा "असू द्या" म्हणाल्या, तेही भाजीकडे पाहत. साडभाऊ हेल्मेट घालूनच समोर बसले होते.

"मामी, जेवल्या का?"

"जेवतो ना. काहून?"

"मामी, कापूस कोन्या पान्यानं धुतला?"

मामींनी हातातली काडी खाली ठेवली. आता खरोखरच अपमान झाल्यासारखं त्यांनी पाहिलं. "कोन्या म्हंजे? खारा माल खाऱ्या पान्यानं धुते का कोनी? ड्रमातल्या. पावसाच्या. ज्याच्यात डाळ शिजवतो थ्या पान्यानं. तुमचा माल होता म्हून, नाई त थे पानी मी पोरीच्या हातालेबी लागू देत नाई."

आमच्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. त्यात डाळ शिजत नाही. म्हणून जुन्या बायका पावसाचं पाणी पन्हाळीखाली धरतात आणि ते तुपासारखं जपून वापरतात. पावसाच्या पाण्यात रेडियम जवळजवळ नसतंच. साडभाऊ प्रयोगशाळेत धाग्याचं मीठ काढायला जे शुद्ध पाणी वापरत, त्याच्या जवळ जाणारं आमच्या घरात एकच पाणी होतं आणि मामींनी नेमकं तेच घेतलं होतं. साडभाऊंनी हेल्मेट काढलं. "अन् ढीग येगयेगळे काहून ठेवले?"

"पयला वेचा अन् दुसरा वेचा एका ढिगात टाकते का कोनी? माल हलका होते." मग पुन्हा काडी उचलत त्या म्हणाल्या, "त्यातल्या एका पिशवीले त खार नोयताच. मंग बी धुतली. एक धुवा अन् एक ठेवा, असं नाई करत मी. साऱ्याईले सारखं."

साडभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. कोऱ्या पिशवीची किंमत मला, त्यांच्या साडूला, इतक्या वर्षांत कळली नव्हती. मामींनी ती बोटाला मीठ लागलं नाही यावरून ओळखली होती आणि तरी इतरांसारखीच वागवली होती. चहा आला. साडभाऊंनी तो पूर्ण प्यायला. मामी आत गेल्या आणि आमच्यासाठी दोन ताटं घेऊन आल्या, आणि माझ्या ताटात ठेचा जास्त होता. त्यावरून राग थोडा शिल्लक आहे, पण जेवू घालण्याइतका निवळला आहे, हे मी समजलो.

रविवारी दुपारी फोन आला. "कोरी कोरीच निघाली." मी म्हटलं, म्हणजे? "म्हंजे मामीच्या पान्यानं धाग्याले काहीच लागलं नाही." बाकीच्या सहा पिशव्यांची मोजणी पुढे चालत राहिली, वीज गेली नाही, आणि वीस वर्षांनी साडभाऊंचा आकडा आला. निवृत्तीच्या आधी तो छापून आला. त्यात धागा पावसाच्या पाण्यानं धुतल्याचं त्यांनी लिहिलं होतं. लपवलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं, पण मग ते झोपले नसते. शेवटी आभारात मामींचं नाव होतं. ते पान घेऊन ते अकोल्याला आले, मला घेऊन बाळापूरला गेले आणि मामींना पुन्हा सगळं कोथिंबिरीपासून समजावलं. तळापासून वर यायला पाण्याला किती दिवस लागतात ते सांगितलं. मामी म्हणाल्या, "म्हंजे घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत." साडभाऊ म्हणाले, "हो, कमीजास्त दीड दिवस." मामी म्हणाल्या, "येवढ्या खालून येते त थकत असीन बापा."

याला आता काही वर्षं झाली. यंत्रावर कापड घालून कॉलेजानं ते कपाटाआड सरकवलं आहे असं ऐकतो. मामी आता बाराही महिने आमच्याकडेच असतात, आणि त्यांना आठवत नाही. माझ्या बायकोला त्या आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, मला मास्तर म्हणतात. साडभाऊंचा फोन येतो, दर चौथ्या दिवशी. "मामी कशा हायेत? काल काय बोलल्या? मागच्या टायमापेक्षा कमी का सारखंच?" चौथ्याच दिवशी का, हे मी त्यांना विचारत नाही. पावणेचार दिवसांत निम्मं, हा त्यांचा हिशेब मला माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

मागच्या श्रावणात ते आले. मामी खिडकीशी बसल्या होत्या. 'मी कोण?' असं आम्ही सगळे त्यांना येता-जाता विचारतो. साडभाऊंनी विचारलं नाही, उत्तराची धास्ती वाटली असेल. हेल्मेट मांडीवर घेऊन ते नुसते समोर बसले. मामींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, मग हेल्मेटकडे पाहिलं. नाव आलं नाही. पण कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि त्या म्हणाल्या, "तुमचा कापूस ओला होता. वाळला का?"

मी साडभाऊंकडे पाहिलं. आता ते म्हणणार 'बहुतेक', नाहीतर म्हणणार 'थोडाफार'. पण ते म्हणाले, "वाळला, मामी."

"बरं झालं," असं म्हणून त्या पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या. साडभाऊ संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले, आणि परतीची बस किती वाजता आहे, हे त्यांनी त्या दिवशी एकदाही विचारलं नाही.